शिडीचं वय चॅसीवरून काढू नका

आरसी बुक आणि चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) नंबर मिळाला की अग्निशमन दलाच्या जुन्या शिडीवाल्या गाडीचं वय कळतं, असं सांगितलं जातं. साध्या बंबाला ते चालेल, शिडीवाल्याला नाही. खाली एक कंपनी आणि वर दुसरी, हे त्यात नेहमीचंच. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये लेलँड कंपनीच्या चॅसीवर जर्मनीच्या मेट्झ कंपनीची शिडी बसायची. शिवाय इंजिन थकलं तरी शिडी धडधाकट असेल, तर ती उतरवून नव्या चॅसीवर चढवत. म्हणजे कागदावरचं साल फक्त खालच्या अर्ध्याचं!

शिडीची स्वतःची पाटी बघा. ती बहुधा शिडी ज्यावर फिरते त्या चकतीवर, शिडी चालवणाऱ्याच्या दांड्यांपाशी असते आणि लाल रंगाच्या थरांखाली गाडली गेलेली असते. पॉलिश पेपर अजिबात मारू नका, अक्षरंच जातील. कापसावर थिनर घेऊन हळूहळू पुसा. आणि आधी फोटो काढून ठेवा, कारण पितळी पाटी एकदा निखळली की थेट जुन्या बाजारात, किलोच्या भावाने. पाटी नसलीच तर शिडी लाकडी आहे की पोलादी ते पाहा, त्यावरून काळाचा अंदाज येतो. जर्मनीतल्या उल्मच्या मागिरुस या शिड्या बनवणाऱ्या कंपनीचा धंदा १८६४ चा, पण त्यांच्याही शिड्या बरीच वर्षं लाकडीच होत्या, पोलादी आल्या त्या १९३० च्या दशकात.

प्रदर्शनात शिडी उभी करून दाखवायची हौस मात्र नको. शिडी ओढणारा वायररोप (तारांचा दोर) आतून गंजतो, वरून ग्रीस चकाचक दिसतं.