बायकोला पीसीओडी आहे, वजन उतरवायला मी तिला मदत करतोय की त्रास देतोय?

भाट्येकर (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. महिनाभर लिहू की नको चाललं होतं, आज लिहितोच. लग्नाला चार वर्षं झाली, बायको ३१ ची, मी ३४. तिला पीसीओडी (ओव्हरीचा, हार्मोन बिघडण्याचा आजार) आहे हे लग्नाआधीपासून माहिती होतं, पण तेव्हा पाळी दीड-दोन महिन्यांनी का होईना यायची, आता तीन-तीन महिने पत्ता नसतो, हनुवटीवर केस यायला लागलेत, मानेवर काळपट पट्टा आलाय जो ती बेसन-लिंबू लावून घासत बसते, आणि वजन ६३ वरून ७४ झालंय. उंची पाच फूट एक इंच. गायनॅक मॅडमनी मेटफॉर्मिन (शुगरवर देतात ती गोळी) सुरू केलंय आणि सांगितलंय की आधी थोडं वजन उतरू दे, मग बाळाचं बघू.

मी काय केलं ते सगळं खरं सांगतो. मॅडमचं ऐकून आलो त्याच संध्याकाळी वजनकाटा आणला. रोज सकाळी तिला त्यावर उभं करायचो आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचो, दुधाचा हिशोब लिहितात तसा. तिच्या ताटावर लक्ष ठेवायचो. गणपतीत मुंबईची सगळी मंडळी घरी, पंगत बसलेली, तिने दुसरा मोदक घेतला आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो की "बास आता, डॉक्टरांनी काय सांगितलंय". ती काही बोलली नाही, ताट उचलून मागच्या पडवीत गेली. त्या दिवसापासून काट्यावर उभी राहत नाही आणि माझ्यासमोर नीट जेवतही नाही. मला तिला दुखवायचं नव्हतं हो. तिच्या आईला ४५ व्या वर्षी शुगर निघाली, मला हिच्यासाठी भीती वाटते.

घरात स्वयंपाक आईच्या हातात. सकाळी पेज, दुपारी भात आणि माशाचं कालवण, रात्री परत भात. बायकोने भात कमी घेतला की आई म्हणते अशाने अंगात ताकद कुठून येणार, आणि शेजारची कोणी आली की तीच आई हळू आवाजात सांगते की वजनामुळे दिवस राहत नाहीयेत. म्हणजे तिने खाल्लं तरी बोलणं, नाही खाल्लं तरी बोलणं. मी नेमकं काय करू? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी प्लीज सांगा.

वेंगुर्ल्याची लेक

दादा, माका बारा वर्षां झाली ह्या दुखण्याक, म्हणान लिवतंय. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साधं लिहिते.

पहिलं काम, ते कॅलेंडर भिंतीवरून काढा. आजच. पाळी यायच्या आधी अंगात पाणी धरून राहतं आणि वजन किलो-दीड किलो उगाच वर जातं, हिची पाळी कधी येणार तेच माहिती नाही, मग ज्या आठवड्यात तिने खरंच जिवापाड केलंय त्याच आठवड्यात काटा वर गेलेला दिसतो आणि वर नवरा तो लिहून ठेवतो. मी स्वतः काट्यावर पंधरा दिवसांनी एकदा उभी राहते, तेही घरात कोणी नसताना. बाकी शिवणाची टेप कंबरेला लावते.

दुसरं, तिला कोणीतरी हे नीट सांगितलंय का की हे आळशीपणाने होत नाही? मला सहा वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून ते जास्त जास्त बनवत राहतं, त्या जादा इन्सुलिनने ओव्हरीतून पुरुषी हार्मोन जास्त बनतात, म्हणून बीज पिकून बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते, केस येतात. आणि इन्सुलिन चढलेलं असलं की भूक पण जास्त लागते आणि चरबी पोटावर साठते, म्हणजे वजनाने आजार वाढतो आणि आजाराने वजन. तो मानेचा पट्टा त्याच इन्सुलिनची खूण आहे, मळ नाही तो, बेसनाने जाणार नाही, घासून घासून कातडी अजून काळी होईल. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी पण खऱ्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेली बीजं असतात ती. मला हे कळलं त्या दिवशी मी रडले होते, सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता तुम्ही काय करायचं. माझ्या नवऱ्याने मला बारा वर्षांत एकदाही "हे खाऊ नको" म्हटलेलं नाही. त्याने स्वतःचं रात्रीचं ताट बदललं. एक दिवस येऊन सासूबाईंना म्हणाला, आई मला रात्री जड होतं, मला एक भाकरी आणि भाजी-मासे दे, भात नको. त्याने मागितलं म्हणून घरात भाकरी व्हायला लागली, मी फक्त त्याच्या पंक्तीला बसले. मी मागितली असती ना तर गावभर झालं असतं. रविवारी बांगडे तो साफ करायचा, तळायच्या ऐवजी तिखलं (माशाचं तिखट, घट्ट कालवण) करायला शिकला. आणि जेवल्यावर "चल गो, जरा फिरान येव्या" म्हणून सागरेश्वराच्या किनाऱ्याच्या बाजूला घेऊन जायचा, व्यायाम हा शब्दच काढला नाही कधी. ७१ वरून ६६ व्हायला मला जवळजवळ वर्ष लागलं पण पाळी चाळीस दिवसांवर आली. मोदक पण खाल्ले त्या वर्षी, दोन.

गुहागरी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. प्रेमाने सगळं होत नाही, कोणीतरी कडक राहावं लागतं. आमच्याकडे मी भात पूर्ण बंद केला, घरात तांदूळच आणला नाही तीन महिने, नाचणी फक्त. ८ किलो उतरलं मिसेसचं. तुमचा हेतू चांगला आहे, पंगतीत बोललात ते चुकलं, पण लक्ष ठेवणं सोडू नका.

परिचारिका ताई (दापोली)

मी सरकारी दवाखान्यात वीस वर्षं नर्स आहे. गुहागरी, तुमच्या मिसेसचं वजन उतरलं याचा आनंदच आहे पण पुढे वर्षभराने काय झालं ते लिहा, कारण माझ्यासमोर अशा बायका येतात ज्यांचं आठ उतरलेलं असतं आणि दहा परत चढलेलं असतं. पीसीओएसची (पीसीओडीचंच दुसरं नाव) जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये आली त्यात साफ म्हटलंय की कुठलाही एक डाएट दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, जे वर्षानुवर्षं जमेल ते खरं. वजनावरून टोमणे मारणं, लाजवणं याचा तब्येतीवर वाईट परिणाम होतो हेही त्यातच आहे. या बायकांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त असते, म्हणून ती तुमच्यासमोर जेवत नाही ही गोष्ट काट्यापेक्षा गंभीरपणे घ्या.

नाचणीबद्दल पण सांगते. नाचणी चांगलीच, कॅल्शियम भरपूर, पण तीही पिष्टच आहे, शंभर ग्रॅममध्ये पासष्ट-सत्तर ग्रॅम कार्ब. गूळ घालून वाटीभर सत्त्व प्यायलं आणि म्हटलं की डाएट चालू आहे, तर नाही होत. उकडा तांदूळ सुरयपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) बरा पण भात तो भातच, एक वाटी मोजून घ्यायचा आणि ताटात त्याच्या आधी मासे, उसळ, भाजी वाढायची. आपल्याकडे कसं असतं, भाताचा डोंगर आणि त्यावर आमटीचं पाणी, माशाची एक तुकडी कडेला. ते उलटं करा. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस ग्रॅम प्रोटीन आहे, बाहेरून प्रोटीन पावडरचा डबा आणायची गरज नाही. जून-जुलैत बंदीमुळे मासे नसतात तेव्हा अंडी, कुळीथ, चवळी, मूग. सुकटीत मीठ फार, रोज नको. ओलं खोबरं वाईट नाही पण वाटणात अर्धा नारळ आणि वर सोलकढीत अर्धा, चार माणसांत, हे रोज झालं की कॅलरी तिथेच जातात.

आता आकडा. ७४ चे एकदम ५५ करायचे नाहीत. पाच टक्के म्हणजे पावणेचार किलो उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारायला लागते. ७० हा पहिला टप्पा धरा आणि तो तिने धरायचा, तुम्ही नाही.

आणि एक महत्त्वाचं, पाळी ९० दिवसांच्या वर गेली की नुसतं थांबू नका. आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट, मग डॉक्टर. पाळी येत नाही म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं, ते वर्षानुवर्षं तसं राहणं चांगलं नाही, म्हणून गोळ्या देऊन पाळी आणतात. शुगरची तपासणी उपाशीपोटीची एकटी पुरत नाही, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती करायला सांगा, आईला शुगर आहे म्हणताय ना. थायरॉइड झालंय का तपासून?

भाट्येकर

ताई, थायरॉइड नॉर्मल आहे, ती दोन तासवाली शुगर केलेली नाही, विचारतो. वेंगुर्ल्याच्या ताईंचं वाचून मी कॅलेंडरचं ते पान फाडलं आणि काटा माळ्यावर टाकला. तिला काही सांगितलं नाही, तिने आपोआप बघितलं.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, मेटफॉर्मिनने तिला मळमळतं आणि पोट बिघडतं, म्हणून ती एक दिवस घेते एक दिवस नाही. दुसरं, ती सोमवार आणि संकष्टी करते, आईला वाटतं उपासाने वजन उतरेल, पण त्या दिवशी संध्याकाळी तिचं डोकं दुखतं.

परिचारिका ताई (दापोली)

मेटफॉर्मिनचं हे फार जणींना होतं, बहुतेक वेळा काही आठवड्यांत बसतं. रिकाम्या पोटी घ्यायची नाही, जेवणाबरोबर. आणि मॅडमना सांगा की त्रास होतोय, त्या कमी डोसपासून हळूहळू वाढवतात किंवा सावकाश विरघळणारी गोळी लिहून देतात. मनाने मध्येच सोडू नका. खूप काळ चालू राहिली तर बी-१२ बघत राहावं लागतं. आणखी एक, या गोळीने आणि वजन उतरल्याने बीज परत बाहेर पडायला लागतं, म्हणजे पाळी नियमित व्हायच्या आधीच दिवस राहू शकतात, तेव्हा फॉलिक ॲसिड आत्तापासून घ्यायचं का ते विचारा. आणि हल्ली वजनाची इंजेक्शनं निघालीत, कोणी सुचवलं तर डॉक्टरांना आधी सांगायचं की बाळ हवंय, त्यावर असताना दिवस राहू द्यायचे नसतात.

उपास श्रद्धेने करत असेल तर करू दे, तो तिचा प्रश्न. पण साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर केळं आणि चार कप चहा हा काही वजन उतरवायचा उपास नाही. दही, ताक, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ, वरीचा भात थोडा, असं करून बघा.

आडिवरे ते अंधेरी

सगळं वाचलं, एक गोष्ट कोणीच विचारली नाही. भाऊ, तुझी तपासणी झाली का? सिमेन ॲनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी?

आमचं लग्न होऊन पाच वर्षं मूल नव्हतं आणि बायकोला पीसीओडी, त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं की दोष तिच्यातच. तिने वजन उतरवलं, गोळ्या घेतल्या, नवस केले, माझ्या आईने तिला कुठे कुठे नेलं. मी एक टेस्ट करायला लाजलो, तीन वर्षं. केली तेव्हा शुक्राणूंचा काउंट कमी निघाला. माझं वजन ९२ होतं, सिगरेट होती, पुरुषाचं वजन पण या गोष्टीत मोजलं जातं हे मला माहितीच नव्हतं. तिने त्या तीन वर्षांत जे ऐकून घेतलं ते मी परत घेऊ शकत नाही. रत्नागिरीत कुठल्याही चांगल्या लॅबला होते, तीन-चार दिवस संबंध न ठेवता जायचं, अर्ध्या तासाचं काम. आधी ते कर आणि रिपोर्ट काहीही येऊ दे, आईला तू सांग. घरातली ती हळू आवाजातली वाक्यं फक्त तूच बंद करू शकतोस, ती सून आहे, ती बोलली तर उलट उत्तर होईल.

वेंगुर्ल्याची लेक

यांचं बरोबर आहे. आईशी बोलताना बायकोसमोर बोलू नका, नाहीतर त्यांना वाटेल तिनेच शिकवलं. एकटे बसा. आईंना अंगात ताकदीची काळजी आहे ना, मग त्यांनाच विचारा की आई, तिला ताकद यायला तू कुळथाचं काय काय करायचीस. माझ्या सासूबाई अशा कामाला लागल्या की विचारू नका, टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला, सगळं रानातून यायला लागलं घरात.

भाट्येकर

दहा दिवसांनी लिहितोय. टेस्ट दिली. रिपोर्ट बरा आहे, वजन कमी करा म्हणाले मलाही, मी ८६ आहे. आईशी बोललो, रात्री, ओटीवर. आधी रागावली, मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली की माझ्या बहिणीला पण पाळी यायची नाही आणि तिला तिच्या घरी फार छळलं. हे मला इतक्या वर्षांत माहिती नव्हतं. शेजारीण परवा आली तेव्हा आईने विषय बदलला, मी आतून ऐकलं.

बायकोला पंगतीतल्या त्या बोलण्याची माफी मागितली, मुंबईच्या काकीला फोन करून तिच्यादेखत पण सांगितलं की माझं चुकलं. ती लगेच काही बोलली नाही. दोन दिवसांनी भाट्याच्या पुलापर्यंत बरोबर चालायला आली, आता रोज संध्याकाळी जातो, ऊन उतरल्यावर, ऑक्टोबरचा उकाडा आहे त्यामुळे अर्धा तासच. पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हातांचे व्यायाम ती व्हिडिओ बघून करते, मी फक्त बाटल्या भरून ठेवतो. दोन तासवाली शुगर सोमवारी आहे, मी सुट्टी टाकलीय.

एक राहिलं, आई कुळथाची पिठी करते ती भातावर घेतल्याशिवाय जातच नाही. दुसरं काय करता येईल?

वेंगुर्ल्याची लेक

मोड आणून उसळ करा, कांदा आणि थोडंच खोबरं, कोकम घालून, नाचणीच्या भाकरीबरोबर. मोडाला दोन दिवस लागतात, रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात घट्ट बांधा. कुळथाचं कढण पण करा, संध्याकाळी चहाच्या वेळेला, लसणीची फोडणी देऊन. आणि पिठी आवडत असेल तर पिठी पण खाऊ दे, भात वाटीभर, पिठी दोन वाट्या.