रक्तपेढीतून फोन आलाय, "प्रत्यक्ष येऊन भेटा". काय समजायचं?

नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत कामाला आहे. मागच्या आठवड्यात कंपनीत रक्तदान शिबिर झालं. माझी आठवी वेळ. चहा-बिस्किटं घेऊन लगेच मशीनवर परत.

काल शिफ्टमध्ये असतानाच रक्तपेढीतून बाईंचा फोन. "तपासणीबद्दल बोलायचंय, येऊन जा, एकटेच आलात तर बरं." कसली तपासणी विचारलं, तर फोनवर सांगता येत नाही म्हणाल्या. फॉर्मवर 'निकाल कळवावा का' यापुढे मीच हो लिहिलेलं, न वाचता.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या पाच तपासण्या होतात एवढं माहीत आहे. यातलं नेमकं काय निघालं असेल? फेब्रुवारीत दिलं तेव्हा काहीच कळवलं नव्हतं. बायकोला सातवा महिना आहे. घरी बोललो नाही. रात्री पाण्याचा ग्लास वेगळा घेतला, तर तिने विचारलंच.

लॅबवाली: दादा, रक्तपेढीत टेक्निशियन होते मी. फोनवर न सांगणं बरोबरच आहे, हे गोपनीय असतं. आणि रक्तपेढीच्या पहिल्या तपासणीत 'रिॲक्टिव्ह', म्हणजे संशयास्पद, निघालं तरी ते पॉझिटिव्ह नव्हे. किट मुद्दाम इतकं संवेदनशील ठेवतात की खोटे रिॲक्टिव्ह निघाले तरी चालतील, पण खरा एकही सुटू नये. पिशवी मात्र फेकतातच. एचआयव्हीची शंका असेल तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पाठवतील, सिव्हिलला आहे, फुकट. तिथे वेगवेगळ्या किटवर तपासून मगच सांगतात. ग्लास वेगळा नको हो! रेझर, ब्रश तेवढे स्वतःचे ठेवा, निकाल येईपर्यंत कंडोम वापरा. हिपॅटायटिस बी निघालं तर वहिनींच्या डॉक्टरांना आधी सांगा. बाळाला जन्मल्यावर 24 तासांत लस द्यायचीच असते.

गोदाकाठ: आणि 'खात्री करून घेऊ' म्हणून दुसऱ्या शिबिरात रक्त देऊ नका. लोक देतात, खरंच. लागण ताजी असेल तर विंडो पीरियडमध्ये, म्हणजे लागणीनंतरच्या सुरुवातीच्या काळात, तपासणीत काही दिसत नाही आणि ती पिशवी कुणाला तरी चढते.

धागाकर्ता: आभार. रात्रीच हिची फाइल काढली. तिसऱ्या महिन्यातले एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची तपासणी) दोन्ही निगेटिव्ह. तिला सगळं सांगितलं, ती म्हणते मीपण येते. उद्या सकाळची शिफ्ट बदलून घेतलीय.