समोरच्यांची वीज गेली आणि मी 'विजय' घेतला. आता काय करू?

अडीच_घरं

नमस्कार मंडळी. परवा रात्रीपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून विचारतो.

मी कराडला खतांच्या दुकानात हिशेब बघतो. रात्री जेवणं आटोपली की लीचेस या संकेतस्थळावर बुद्धिबळाचे एक-दोन डाव खेळायचे, हा गेल्या चार वर्षांचा नेम. सहावीतली लेक शेजारी बसून बघते. तिलाही नाद लागलाय.

परवा साडेदहाच्या सुमारास रेटिंगचा, म्हणजे जिंकलं-हरलं की गुण वरखाली होणारा, डाव लागला. प्रत्येकाला १० मिनिटं आणि दर खेळीला ५ सेकंद जादा. समोरचे गृहस्थ पांढरी मोहरी घेऊन. सुरुवातीला त्यांनी 'जीएल' (गुड लक) पाठवलं, मी 'यू टू' (तुम्हालाही) दाबलं. डाव सुंदर झाला. शेवटी पटावर उरलं ते एवढंच (ए ते एच हे उभे पट्टे, १ ते ८ आडव्या रांगा): त्यांचा हत्ती ए८ वर, त्याच्या पोटाशी ए७ वर प्यादं, राजा जी२ वर. माझा हत्ती त्या प्याद्याच्या मागे ए१ वर, राजा जी७ वर. दहा-बारा खेळ्या दोघंही जागच्या जागी फिरत होतो. मला वाटलं, राजा प्याद्याकडे नेऊन बघू. म्हणून तो एफ७ वर आणला.

आणि त्यांची खेळीच येईना. घड्याळात त्यांची २ मिनिटं २० सेकंद होती, माझी ५१ सेकंद. खाली अक्षरं आली, प्रतिस्पर्धी डाव सोडून गेलाय, इतक्या सेकंदांनी तुम्ही विजयाचा दावा करू शकता. मोजणी संपली तेव्हा समोर दोन बटणं होती, विजय घ्या किंवा बरोबरी घ्या. नाहीतर नुसतं थांबायचं. मी विजय दाबला. विचार असा केलाच नाही, बोट गेलं.

लेक म्हणाली, "बाबा, त्यांचं नेट गेलं असेल ना? मग आपण जिंकलो कसे?"

मला उत्तर देता आलं नाही. दहा मिनिटांनी त्या गृहस्थांचा निरोप आला, चक्क मराठीत: "वाऱ्यामुळे वीज गेली होती. डाव फार छान झाला. शुभ रात्री." निवृत्त शिक्षक आहेत, चिपळूणकडचे. शब्दानेही तक्रार नाही. ते भांडले असते तर मला कमी लागलं असतं.

मग डाव विश्लेषणाला लावला. राजा एफ७ वर आणला तीच घोडचूक होती. त्यांनी हत्ती एच८ वर नेला असता की प्यादं वजीर व्हायला मोकळं. मी हत्तीने ते मारलं, तर एच७ वरून राजाला शह आणि राजाच्या पलीकडे त्याच रांगेत माझा हत्ती उघडा. म्हणजे हरलेल्या डावाचे गुण मी खिशात घातले.

नियमाने मी चुकलो नाही, हे कळतं. पण रीत काय? पुढचा डाव मुद्दाम हरून त्यांचे गुण परत करावेत का? आणि लेकीला काय सांगू?

क्लच_कोल्हापूर

दादा, मी बुद्धिबळवाला नाही, डोटा २ हा संघांचा व्हिडिओ गेम खेळतो. पण हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे.

आमच्यात एखाद्याचं नेट तुटलं की डाव पॉज करता येतो. समोरचा संघ पॉज काढूही शकतो, बटण दोघांकडे असतं. पण चांगली माणसं काढत नाहीत. चॅटमध्ये विचारतात, तयार आहात का? होकार आला की मगच सुरू. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, तरी कोणी घाईने पॉज काढला की त्याच्याच संघातली पोरं त्याला झापतात. तुमच्या खेळात पॉज नाही, मग तिथे सगळा भार एकट्या माणसावर येतो. मला वाटतं त्यामुळेच तुमचं बोट गेलं. स्वतःला फार टोचून घेऊ नका.

'जीजी'चंही (गुड गेम, डाव छान झाला) सांगतो. मोठ्या सामन्यांत हरणारा संघ आधी 'जीजी' लिहितो आणि डाव सोडतो. तो त्याचा मान. जिंकणाऱ्याने घाईने आधी लिहिलं तर ते हिणवल्यासारखं लागतं. त्यातून 'जीजी ईझी' (सोपं गेलं) हे थेट तोंडावर थुंकणं. ओव्हरवॉच या गेममध्ये तर २०१६ साली कंपनीने अशी सोय केली की कोणी ते टाइप केलं की सगळ्यांना दुसरंच वाक्य दिसायचं, माझी झोपायची वेळ झाली, आईला सांगू नका, असलं काहीतरी. तुमच्या त्या सरांनी वीज गेलेली असताना "डाव छान झाला" लिहिलं. आमच्याकडे असा माणूस भेटला की आम्ही लगेच मित्रयादीत घेतो.

मनवा_डोंबिवली

थोडं वेगळं मत मांडते. माझा मुलगा १४ वर्षांचा, तोही लीचेसवर खेळतो. हरत आलेला डाव न सोडता घड्याळ संपेपर्यंत नुसतं बसून राहणारे त्याला आठवड्यातून दोनदा तरी भेटतात. समोरच्याचा वजीर गेलाय, सात मिनिटं शिल्लक आहेत, आणि पठ्ठ्या खेळतही नाही, डाव सोडतही नाही. पोराने सात मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं. काही जण तर चिडून डाव बंद करून निघूनच जातात, दावा करायची सोय त्यांच्यासाठी आहे. (असं वारंवार करणाऱ्यांना लीचेस काही काळ खेळायला बंदीही घालतं.) समोरचा चिडून उठून गेला की त्याची वीज गेली, हे आपल्याला पडद्यावरून कसं कळणार? तेव्हा अडीच_घरं, तुम्ही अप्रामाणिकपणा केला असं मला अजिबात वाटत नाही.

एक मात्र सांगते. प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळाशेजारी अधिकची बारीक खूण असते. ती दाबली की त्याला १५ सेकंद जादा मिळतात. दावा न करता थांबायचं ठरवलं तर ती दाबत राहता येतं. माझ्या मुलाने एकदा एका ब्राझीलच्या मुलाला अशी मिनिटभराची भर घातली होती. तो परत आला, जिंकला, आणि पुढचे चार डाव दोघं खेळत बसले.

पंच_मिरज

अडीच_घरं, तुमचा प्रश्न वाचून मुद्दाम लिहायला बसलो. गेली २२ वर्षं जिल्ह्यातल्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहतोय.

एक प्रसंग सांगतो. मे महिना, वळवाचा पाऊस, शाळेचा हॉल, दुपारी चारलाच अंधारलेलं. वीज गेली. मी ओरडलो, "घड्याळं थांबवा!" तिसऱ्या पटावर दोन मुलं होती, दहा-अकरा वर्षांची. त्यातल्या एकाने घड्याळ थांबवलं आणि दोन्ही हातांचा आडोसा करून पटाभोवती धरला, अंधारात कोणाचा धक्का लागून मोहरी पडू नयेत म्हणून. त्याचा डाव हरत आलेला होता. मोहरी विस्कटली असती तर त्याचाच फायदा होता. वीस मिनिटं तो तसाच बसला होता.

हॉलमध्ये वीज गेली की सगळ्यांची एकदम जाते आणि घड्याळ थांबवायला पंच असतो. ऑनलाइन डावात अंधार एकाच्याच घरी होतो. म्हणून तिथे आपापल्या जोडणीची जबाबदारी आपापली, असं धरावं लागतं, त्याला इलाज नाही. २०२० सालचं बुद्धिबळाचं ऑनलाइन ऑलिंपियाड आठवा, देशांच्या संघांचं. एका सामन्यात सहा पटांवर सहा डाव, १५ मिनिटं आणि दर खेळीला ५ सेकंद जादा. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या मार्तिरोस्यानची जोडणी तुटली आणि आपल्या निहाल सरीनविरुद्धचा डाव त्याने वेळ संपून गमावला. आर्मेनियाचं अपील फेटाळलं गेलं आणि त्यांनी स्पर्धाच सोडली. नियमाने आपण पुढे गेलो. मग ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामना. पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत जगभर अनेक ठिकाणी इंटरनेट कोलमडलं आणि निहालने नि नागपूरच्या दिव्या देशमुखने आपापला डाव वेळ संपून गमावला. आधी रशिया विजेता ठरला. आपण अपील केलं आणि शेवटी फिडेचे (जागतिक बुद्धिबळ संघटनेचे) अध्यक्ष द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्ण दिलं. नाशिकचा विदित गुजराथी आपला कर्णधार होता, तेव्हा आनंद मलाही झाला. पण त्या रात्री मला आर्मेनियाच्या पोराचीही आठवण झाली, हे खरं सांगतो. एकाच स्पर्धेत, एकाच कारणाने, दोन वेगळे निकाल.

आता तुमचं. विजय आणि बरोबरी अशी दोन बटणं होती ना? बटण दाबण्याआधी पटाकडे बघायचं आणि स्वतःला विचारायचं, मला हा डाव काय वाटतोय? तुम्ही दहा-बारा खेळ्या जागच्या जागी फिरत होता, म्हणजे तुमच्या लेखी तो बरोबरीचा होता. मग बरोबरी घ्यायची. हत्ती एच८ तुम्हाला दिसत नव्हता, तो तुमचा दोष नाही. समोरच्याचा वजीर गेलेला असेल तर खुशाल विजय घ्या, तिथे मनवाताईंशी मी सहमत आहे.

मुद्दाम हरून गुण परत करू नका. ठरवून हरणं हा तिथे रेटिंगशी केलेला खेळ धरला जातो, दोघांचंही खातं अडचणीत येईल. आणि ज्या माणसाला तो एच८ खेळायला मिळाला नाही, त्याला गुण देऊन काय मिळणार? त्याला डाव द्या. विश्लेषणाच्या पानावर 'इथून पुढे खेळा' अशी सोय आहे. राजा एफ७ वर, खेळी पांढऱ्याची, तीच स्थिती मांडून त्यांना आव्हान पाठवा. तो डाव रेटिंगचा नसतो. आधी चार ओळींत झालेलं लिहा, लेकीला शेजारी बसवूनच लिहा.

आणि डाव संपला की पळू नका. आमच्या पिढीत हात मिळवला की दोघं बाजूच्या टेबलावर जायचे, तोच डाव पुन्हा मांडायचे. "इथे तू उंट का नाही मारलास?" "अरे, घोड्याची भीती वाटली." हरलेला आधी बोलायचा, जिंकलेला ऐकायचा. पंचांना दिवे घालवून पोरांना घरी हाकलावं लागायचं. ऑनलाइन डावात यंत्र क्षणात चूक दाखवतं, त्यामुळे समोरच्याला विचारायची गरजच वाटेनाशी झालीये. पण त्याने काय बघितलं आणि कशाला घाबरला, ते यंत्राला माहीत नसतं. 'जीजी' जरूर दाबा, आणि त्यासोबत डावाबद्दल एक खरा प्रश्न विचारा.

अडीच_घरं

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचकाका, काल तुम्ही सांगितलं तसंच केलं. निरोप लेकीने टाइप केला, शब्द माझे. पाच मिनिटांत सरांचं उत्तर आलं: "मांडा."

त्यांनी पहिलीच खेळी हत्ती एच८ केली. म्हणजे त्या रात्री अंधारात बसलेले असताना त्यांना ती दिसत होती. मी शह देत राहिलो, त्यांचा राजा एकेक पायरी चढत वजिराच्या बाजूला माझ्या हत्तीपर्यंत आला, शह संपले. मी डाव सोडला आणि 'जीजी' मी आधी पाठवलं.

मग सरांना विचारलं, मी राजा जी७ वरच ठेवला असता तर तुम्ही काय करणार होता? ते म्हणाले, काहीच नाही, तुम्ही कंटाळायची वाट बघत होतो. त्यावरून बोलणं निघालं ते पाऊण तास चाललं. २३ व्या खेळीला मी घोडा मागे घेतला तेव्हा ते आपला डाव हरला असं धरून चालले होते, हे मला यंत्राने सांगितलंच नव्हतं.

लेकीने मध्येच त्यांना विचारलं, वीज परत कधी आली? पहाटे चारला, म्हणाले. निरोप त्यांनी मोबाइलवरून, उरलेल्या ६ टक्के बॅटरीवर पाठवला होता.

रविवारी संध्याकाळी पुन्हा बसायचं ठरलंय. या वेळी एक डाव लेक खेळणार आहे, काळी मोहरी घेऊन.