गिनी पिग उन्हाने मलूल पडलाय, लाळ गळतेय, लवकर सांगा काय करू

रानजाई_नागपूर
सकाळपासून लाईट नाही, इन्व्हर्टरवर पंखा तेवढा चालू आहे, कूलर बंद. आमच्याकडे दोन गिनी पिग आहेत, त्यातला मोठा, लांब केसांचा, तो बऱ्याच वेळापासून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाय पसरून पडून राहिलाय. एरवी फ्रिज उघडल्याचा आवाज आला की शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेतो, आत्ता कोथिंबिरीची पिशवी कानाशी खसखस वाजवली तरी मान उचलत नाहीये. श्वास भराभर चाललाय, हनुवटीखालचे केस ओले झालेत, कान हाताला एकदम गरम लागतात. छोटी मात्र बरी आहे, पाणी पितेय. सासूबाई म्हणतात ऊन लागलं, तळव्यांना कांद्याचा रस चोळ. फ्रिजमध्ये बर्फाचं पाणी आहे, त्यात बुडवू का? जवळचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरी बघतात आणि फोनही उचलत नाहीयेत.

कोथिंबीरवाली
ताई बर्फाच्या पाण्यात अजिबात बुडवू नका!! आधी त्याला घरातल्या सगळ्यात थंड जागी न्या, खालच्या मजल्यावर कोणी असेल तर तिथे, नाहीतर बाथरूमच्या फरशीवर. माठ आहे ना? माठातलं पाणी बरोब्बर चालतं. त्यात सुती फडकं भिजवून कान, चारही पंजे आणि पोटाची खालची बाजू ओली करा आणि मग पंखा लावा. नुसत्या पंख्याने यांना काही होत नाही कारण आपल्यासारखा घाम येत नाही, अंग ओलं असेल तरच वारा कामाचा. आणि कांदा नको प्लीज, तो पंजे चाटेल आणि कांदा पोटात गेला तर यांच्या रक्तावर परिणाम होतो, सासूबाईंना सांगा माणसाचा उपाय याला चालत नाही.

डोंबिवलीकर_आजोबा
सिरिंजने थोडं इलेक्ट्रल पाजून बघा, आमच्या नातीच्या सशाला पाजलं होतं.

पशुवैद्य_विदर्भ
आजोबा, तुम्ही मनापासून सांगताय पण आत्ता नको. प्राणी अर्धवट शुद्धीत असताना तोंडात काहीही ओतलं की ते फुफ्फुसात जातं. मान धरत असेल, गिळत असेल तरच ओठांच्या कडेला साध्या पाण्याचा एकेक थेंब. अंग सैल पडलं असेल तर तोंडात काहीच नाही.

ताई, तुम्ही लिहिलंय ते सगळं उष्माघाताचंच आहे. गिनी पिगची लाळ दाढा वाढल्या तरी गळते, पण ते हळूहळू होतं, वजन उतरत जातं, हनुवटी रोज थोडी थोडी ओली दिसते. उन्हात अचानक लाळ, भराभर श्वास, गरम कान आणि हाक मारूनही उठत नाही, हे सगळं एकदम आलं तर दुसरं काही शोधत बसू नका. यापुढे झटके किंवा बेशुद्धी येते आणि तिथून परत आणणं फार अवघड जातं.

बर्फ का नको, तर एकदम गार लागलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, मग आतली उष्णता आतच अडकते, वर शॉक बसतो तो वेगळा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवायचा नाही, दोन मिनिटांत तो गरम होतो आणि घोंगडीचं काम करतो. फडकं सारखं बदलत राहा. यांचं नेहमीचं तापमान साधारण ३७.२ ते ३९.५ अंश असतं. घरी थर्मामीटर घालायच्या भानगडीत पडू नका, कान नेहमीसारखे लागायला लागले आणि श्वास मंदावला की ओलं करणं थांबवा, नाहीतर उलट अंग गार पडतं.

आणि हे करता करताच निघा. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहे, फोन करून सांगा गिनी पिग आहे, उष्माघात आहे. गाडीत एसी आधी चालू करा, मग त्याला बसवा. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी एक विचाराच, अँटिबायोटिक देणार असतील तर तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं नको, यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि प्राणी दगावतो. घरातली क्रोसिन वगैरे पण नको, हा आजारपणाचा ताप नाही, त्याने उतरणार नाही.

रानजाई_नागपूर
जाऊन आलो. माठाच्या पाण्यानेच वाटेत मान उचलली त्याने. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं, थोडा वेळ ठेवून घेतलं, आता घरी आहे आणि लाईटपण आली. चालतोय, काकडीचा तुकडा खाल्ला, पण गवताला तोंड लावत नाहीये. आता टेन्शन घ्यायचं की नाही?

पशुवैद्य_विदर्भ
चालतोय ऐकून खूप बरं वाटलं. पण पुढचे एक-दोन दिवस नजर ठेवाच, किडनीला किंवा आतड्याला बसलेला मार उशिरा दिसतो. काकडी म्हणजे पाणीच, तिच्यावर पोट चालत नाही. गिनी पिगचं आतडं सतत चालू राहावं लागतं, १२ तास काही खाल्लं नाही तर ते थंडावतं आणि पोट फुगतं. त्याचे पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून पातळ पेस्ट करा, सुई काढलेल्या सिरिंजने तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे, थोडं थोडं, त्याला चावून गिळायला वेळ देऊन. लेंड्या बघा. बारीक, कोरड्या किंवा बंदच झाल्या तर रात्र असली तरी फोन करा. ताजी हरळी धुऊन समोर ठेवा, कधी कधी सुकं गवत नको असतं पण हरळी खातात. ढोबळी मिरची पण द्या, सी व्हिटॅमिन यांच्या शरीरात बनत नाही आणि खाणं कमी झालं की लगेच कमी पडतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा, डोळ्याला कळायच्या आधी काटा सांगतो.

डोंबिवलीकर_आजोबा
समजलं डॉक्टर, लक्षात ठेवतो. आमच्याकडे तर कूलर लावून अजून घुसमटतं, मग मुंबईकडच्यांनी काय करायचं?

कोथिंबीरवाली
आजोबा तुमच्याकडे हवेतच इतका दमटपणा आहे की कूलरचा उपयोग शून्य, तिथे एसीच, २४-२५ वर, वारा थेट अंगावर न येता. हे मुळात अँडीजच्या थंड डोंगरातले प्राणी, यांना १८ ते २४ बरं वाटतं आणि २७-२८ च्या पुढे गेलं की त्रास सुरू. विदर्भात कोरडी हवा म्हणून कूलर आणि वाळ्याची ताटी दोन्ही चालतात, फक्त एक खिडकी उघडी हवी. लाईटचा भरवसा नाही म्हणून मी उन्हाळाभर फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते, जुन्या मोज्यात घालून पिंजऱ्यात एका बाजूला, हवं तर टेकतात नको तर लांब बसतात. शहाबादी फरशीचा तुकडापण ठेवा. आणि पिंजरा वरच्या मजल्यावर असेल तर संध्याकाळी निर्धास्त होऊ नका, स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. पिंजऱ्याच्या उंचीवर एक साधा थर्मामीटर टांगा, खोलीत आपल्याला काय वाटतं त्यावर जाऊ नका.

रानजाई_नागपूर
पेस्ट घेतली थोडी! हरळी पण चावून राहिलाय आता. याचे केस कापले तर चालतील का?

पशुवैद्य_विदर्भ
कापा, मागच्या बाजूचे जमिनीला लोळणारे आणि पोटाकडचे, बोथट टोकाच्या कात्रीने. कातडीपर्यंत मशीन फिरवू नका, यांची कातडी पातळ असते, पटकन कापली जाते. पण आज नाही, आज त्याला पुरे झालं, नीट खायला लागला की मग.