लोकातेल्लीने ॲमस्टरडॅममध्ये दार लावून घेतले, हे शहाणपण की संगीताचे नुकसान?

गजतार (धागाकर्ता)

अठराव्या शतकातला इटालियन व्हायोलिनवादक आणि रचनाकार पिएत्रो लोकातेल्ली याचे नाव निघते ते बहुधा पुढच्या काळातला व्हायोलिनवादक पागानिनी याच्या निमित्ताने. पागानिनीच्या 24 कॅप्रिस (एकट्या व्हायोलिनसाठीच्या कौशल्याच्या रचना, इटालियनमध्ये कॅप्रिचो) 1820 मध्ये छापून आल्या, पण त्याआधी जवळजवळ 90 वर्षे लोकातेल्लीने 24 कॅप्रिचो छापून ठेवले होते, एवढे सांगून झाले की गाडी पुन्हा पागानिनीवर येते. माझी तक्रार लोकातेल्लीच्या आयुष्याच्या उत्तरार्धाबद्दल आहे.

3 सप्टेंबर 1695 रोजी बेर्गामोत जन्मलेला हा मुलगा 1711 मध्ये रोमला गेला, संगीताचा आश्रयदाता कार्डिनल ओत्तोबोनी याच्या वर्तुळात वावरला आणि 1721 मध्ये त्याचे 12 कॉन्चेर्ती ग्रोस्सी (वाद्यांचा छोटा गट आणि मोठा वृंद यांच्यासाठीच्या रचना) प्रसिद्ध झाले. त्यानंतर मांतुआ, व्हेनिस, म्युनिक, बर्लिन अशी भटकंती झाली. 1728 मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या दरबारात तो आणि फ्रेंच वादक ल-क्लेर समोरासमोर वाजवायला उभे राहिले. एक देवदूतासारखा वाजवत होता आणि दुसरा सैतानासारखा, अशी आठवण पुढे ग्रोनिंगेनचा ऑर्गनवादक लुस्टिख याने लिहून ठेवली आहे. सैतान अर्थातच आपला बेर्गामोकर.

असा वादक 1729 मध्ये ॲमस्टरडॅमला जातो आणि 30 मार्च 1764 रोजी मृत्यू येईपर्यंत तेथेच राहतो. दरबार नाही, पद नाही, जाहीर मैफिली नाहीत. बुधवारी घरी वादन होई, तेही हौशी धनिकांसमोर. 1741 मध्ये त्याला ऐकून गेलेल्या इंग्रज प्रवाशांच्या पत्रांत दोन गोष्टी सापडतात. एक, तो इतक्या त्वेषाने वाजवतो की वर्षाला काही डझन व्हायोलिने झिजवत असावा. दुसरी, आपली विद्या कोणी उचलेल या भीतीने तो पेशेवर संगीतकाराला बैठकीत पाऊलच ठेवू देत नाही. उरलेल्या वेळात तो इटलीहून आणलेल्या तारा विकत असे आणि प्रकाशकाकडची मुद्रिते तपासत असे.

प्रतिस्पर्ध्याचा शागीर्द दाराशी उभा दिसला की रियाज थांबवणाऱ्या, खास चिजा पोटच्या मुलालाच देणाऱ्या बुजुर्गांचे किस्से आपण चवीने सांगतो आणि शेवटी त्यांना कोतेपणाचा दोषही देतो. मग लोकातेल्लीला सवलत कशासाठी? ज्यांना त्याच्या हातून काही घेता आले असते, नेमके तेच बाहेर राहिले.

कालवाकाठ

धागाकर्त्यांनी ॲमस्टरडॅम म्हणजे आडगाव असल्यासारखे चित्र उभे केले आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. इटलीत अजून सुट्या खिळ्यांनी स्वरलिपी जुळवली जात होती, तेव्हा ॲमस्टरडॅमला संगीत-प्रकाशक एस्तिएन रॉजरच्या कारखान्यात तांब्याच्या पत्र्यावर ती कोरली जात होती. द्रुत लयीतले बारीक स्वर एका रेषेने जोडून दाखवायचे तर दुसरी पद्धत फारशी कामाची नव्हती. विवाल्दीचे तिसरे ओपस, म्हणजे क्रमांक देऊन छापलेला रचनासंग्रह, 1711 मध्ये तेथून निघाले आणि कोरेल्लीचे सहावे ओपस, त्याच्या मृत्यूनंतर, 1714 मध्ये तेथूनच. स्वतः लोकातेल्लीचे पहिले ओपसही तेथलेच. म्हणजे हस्तलिखित आधी गेले होते, माणूस मागाहून गेला.

आणि जाऊन त्याने काय केले, तर 1731 मध्ये हॉलंड आणि पश्चिम फ्रीसलंडच्या प्रांतिक सभेकडून 15 वर्षांसाठी आपल्या रचना छापण्याचा एकाधिकार मिळवला. सोनाटांचे, म्हणजे मोजक्या वाद्यांसाठीच्या रचनांचे, संग्रह तो स्वतःच्या खर्चाने छापून घरूनच विकू लागला. वाद्यवृंदाच्या मोठ्या रचना मात्र त्याने रॉजरच्या गादीवर आलेल्या ल सेनकडे सोपवल्या, कारण त्यांचा छपाईखर्च जास्त आणि गिऱ्हाईक कमी. 1742 च्या करनोंदीत त्याचे वार्षिक उत्पन्न 1500 गिल्डर दाखवले आहे. परमुलखातून आलेल्या आणि कोणाच्याही चाकरीत नसलेल्या वादकासाठी हा आकडा लहान नव्हे.

राहिला विद्या लपवण्याचा आरोप. ज्याला लपवायचे आहे तो 1733 मध्ये 12 कॉन्चेर्तो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्या रचना) आणि त्यांतल्या 24 कॅप्रिचोंचा 'व्हायोलिनची कला' हा संग्रह छापून युरोपभर विकायला ठेवील का?

जुनी तबकडी

कालवाकाठ यांचा हिशेब चोख आहे. पण स्वरलिपी छापली म्हणजे विद्या दिली, हे मला मान्य नाही.

संग्रहातला बारावा कॉन्चेर्तो घ्या. त्याच्या पहिल्या भागातल्या, म्हणजे 23व्या कॅप्रिचोला लोकातेल्लीने 'स्वरांचा चक्रव्यूह' असे नाव दिले आणि वर लॅटिनमध्ये घोषवाक्य छापले: आत शिरणे सोपे, बाहेर पडणे कठीण. येथे वाद्यवृंद थांबतो आणि एकटा व्हायोलिनवादक गज एका तारेवरून दुसरीवर, तेथून तिसरीवर असा अखंड फिरवत राहतो. डाव्या हाताची बोटे ताणून वेडीवाकडी ठेवावी लागतात. गज तुटक उचलायचा की तारेवरच लोळवायचा, अंगठा कोठे सरकवायचा, हे त्याला पाहिल्यावाचून कोणाला कळणार? ज्यांना पाहून कळले असते ते तर बुधवारी दाराबाहेर. तुलनेसाठी जेमिनियानी पाहा. तोही इटालियन, तोही 1714 पासून परदेशी म्हणजे लंडनला, आणि चित्रांच्या खरेदी-विक्रीच्या नादात पैसे घालवण्यात वाकबगार. पण 1751 मध्ये त्याने व्हायोलिनवादनावर इंग्रजीत पुस्तक लिहून वाद्य कसे धरायचे येथपासून सगळे उलगडून सांगितले. लोकातेल्लीने कुलूप छापले आणि किल्ली खिशात ठेवली.

एक अप्रिय मतही नोंदवून ठेवतो. हे कॅप्रिचो सलग ऐकताना मला कंटाळा येतो. ते 'आद लिबितुम' म्हणजे वादकाच्या मर्जीवर सोडलेले आहेत, आणि त्या मर्जीचा वापर थोडा अधिक सढळपणे व्हावा असे अनेक ध्वनिमुद्रणे ऐकताना वाटते.

मंद्रसप्तक

कॅप्रिचोंच्या कंटाळ्याबद्दल अर्धी सहमती. मात्र त्यावरून माणसाची परीक्षा करायची तर 1741 चे सातवे ओपसही ऐकावे लागेल. त्यातला सहावा कॉन्चेर्तो 'आरिआन्नाचा विलाप' नावाचा आहे. ग्रीक पुराणकथेतला प्रियकर थेसियस सोडून गेल्यावर बेटावर एकट्या राहिलेल्या आरिआन्नाचे बोलणे शब्दांवाचून एका व्हायोलिनने करायचे आहे. ऑपेरातली गायिका जशी लय सैल सोडून, अडखळत, मध्येच उसळून बोलते, तसे येथे वाद्य बोलते, आणि हात किती वेगाने चालतो हे दाखवण्याची कोणतीही हौस त्यात नाही. घरात बसून तारा विकणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे.

धागाकर्त्यांनी ल-क्लेरचे नाव काढलेच आहे, तर त्याचे पुढे काय झाले तेही पाहावे. 1733 मध्ये तो पंधराव्या लुईच्या पदरी लागला आणि दरबारातला वाद्यवृंद कोणी चालवायचा यावरून गीन्यों या दुसऱ्या वादकाशी बिनसल्यावर 1737 मध्ये पद सोडून मोकळा झाला. मग तो हॉलंडलाच आला. आधी राजकन्या ॲनकडे वर्षातले काही महिने चाकरी, पुढे हेगमध्ये द्यु लीझ नावाच्या धनिकाकडे खासगी वाद्यवृंदाची जबाबदारी. 1743 मध्ये द्यु लीझचे दिवाळे वाजले आणि ल-क्लेर पॅरिसला परतला. देश तोच, वर्षे तीच, व्हायोलिनची योग्यता जवळजवळ बरोबरीची. ल-क्लेरचे पोट परक्याच्या तिजोरीवर अवलंबून होते आणि लोकातेल्लीचे नव्हते.

गजतार (धागाकर्ता)

त्याच्या स्वातंत्र्याशी माझे भांडण नाही. ते त्याने कष्टाने मिळवले, हे कालवाकाठ आणि मंद्रसप्तक दोघांनीही उत्तम दाखवले आहे. पण त्या स्वातंत्र्याचे त्याने पुढे केले काय, याकडे कोणी वळत नाही. 1732 ते 1744 या बारा वर्षांत दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत सात ओपस निघाले आणि मग नववे थेट 1762 मध्ये. तेही आज उपलब्ध नाही. पन्नाशीच्या आत हात आखडता झाला. माझा तर्क असा की ज्याच्यासमोर आव्हान देणारा कोणी बसतच नाही, दर बुधवारी फक्त वाहवा करणारेच बसतात, त्याला नवे लिहिण्याची निकड उरत नाही. कासेलला समोर ल-क्लेर होता. कालव्याकाठच्या दिवाणखान्यात कोण होते?

कालवाकाठ

त्या दिवाणखान्यात त्याचे गिऱ्हाईक होते, आणि हे मी उपहासाने म्हणत नाही. दुसऱ्या ओपसातल्या 12 बासरी-सोनाटा हौशी मंडळी घरी वाजवतील याच हिशेबाने काढल्या गेल्या. बुधवारी जे ऐकायला येत तेच बहुधा छापील प्रती घेत, तारा घेत, शिकायलाही बसत. पेशेवर वादक मात्र ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी तेच शहरात दुसरीकडे वाजवू शकला असता. एकाधिकार छापील पानाला संरक्षण देत होता. गजाच्या फटक्याला संरक्षण देणारा कायदा कोठे होता? आपल्या बुजुर्गांशी केलेली तुलना म्हणूनच मला लागू वाटत नाही, कारण त्यांतल्या कित्येकांच्या मागे संस्थानचा तनखा होता आणि याच्या मागे स्वतःच्या दुकानाखेरीज काही नव्हते.

1744 नंतरच्या शांततेचे कारण दिवाणखान्यात शोधण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की ल सेन 1743 मध्येच वारला होता. शिवाय हलक्या, गाण्याजोग्या चालींची नवी आवड तोवर सर्वत्र पसरत होती. दारे सताड उघडी ठेवणाऱ्या किती तरी वादकांचे जुने माल त्याच काळात पडून राहिले.

जुनी तबकडी

गजाच्या फटक्याला संरक्षण नव्हते, हा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मी मान्य करतो. परंतु त्याचा अर्थ एवढाच होतो की लोकातेल्ली व्यापारी म्हणून बरोबर होता. धाग्याचा प्रश्न संगीताच्या नुकसानीचा आहे. 1765 मध्ये त्याच्या पुस्तकांचा, चित्रांचा आणि वाद्यांचा लिलाव झाला तेव्हा संग्रहाची यादी छापली गेली. व्हायोलिने कोणी तरी घरी नेली असतील. तो चक्रव्यूह त्याच्याकडून समोर बसून शिकलेला एक तरी नावाजलेला वादक कालवाकाठ यांनी दाखवावा, म्हणजे मी वाद थांबवतो.