भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या म्हणता, मग ठाण्याची माहिती कुणी द्यायची?

लोकमान्यनगर
काल इंदूरच्या या चर्चेत, जिथे आपण मोहल्ल्याच्या किंवा हुद्द्याच्या नावाने लिहितो, एकाने लिहिलं, 'भाडेकरूची माहिती न देणारा प्रत्येक घरमालक गुन्हेगाराला आसरा देतो, इंदुरात अशा सगळ्यांना कलम २२३ (सरकारी आदेश मोडल्याचं) लावून आत टाका.' खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माहिती द्यावी, याबद्दल वाद नाही. पण ती द्यायलाच हवी असा आदेश निघतो नागरिक सुरक्षा संहितेच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली. त्याचं आयुष्य दोन महिने. दंगल किंवा जिवाचा धोका असला तरच राज्य सरकार तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. तातडीच्या प्रसंगासाठी ठेवलेलं कलम आपण बारमाही नोंदणीसाठी वापरतो आणि मुदत संपली की तोच मजकूर नव्या तारखेने काढतो. अनुराधा भसीन प्रकरणात (२०२०) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की १४४ चे आदेश असे पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. भाडेकरू ज्या दिवशी राहायला आला त्या दिवशी आदेश चालू होता की नाही, हे तरी कुणी बघतं का?

आणि 'आत टाका' म्हणजे काय? न्याय संहितेच्या (नव्या दंडविधानाच्या) २२३ मध्ये साधारण अवज्ञेला साधी कैद सहा महिन्यांपर्यंत, किंवा दंड अडीच हजारांपर्यंत, किंवा दोन्ही. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही. नुसत्या एफआयआरवर चालान (आरोपपत्र) सादर केलं की वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवतो ते इथेच.

माझा मुख्य प्रश्न वेगळा आहे. फॉर्म दिल्यावर पुढे काय? मालकाचं नाव, भाडेकरूचा फोटो, आधारची प्रत, मूळ गाव, तिथलं ठाणं, दोन ओळखीच्यांचे नंबर. मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, शिक्का मारतो. त्यानंतर कागद मूळ गावच्या ठाण्याला जायला हवा, तिथल्या बीटच्या शिपायाने घरी जाऊन विचारपूस करायला हवी आणि उत्तर परत यायला हवं. मालकाला ते उत्तर कळवायची मुदत कुठल्या आदेशात आहे? मालकाला मुदत आहे, ठाण्याला नाही.

हेड मोहर्रिर
ठाण्याची लिखापढी मी बघतो, म्हणून सांगतो: कायद्याची पानं उलटून ठाणं चालत नाही. भंवरकुआ भागात एकेका इमारतीत तीस-चाळीस खोल्या, कोचिंगचं सत्र सुरू झालं की फॉर्मचे गठ्ठे येतात. प्रत्येकाच्या गावी माणूस पाठवायचा तर ठाण्यात उरेल कोण?

या फॉर्मची खरी किंमत पडताळणीत नाही, नोंदीत आहे. घरफोडी झाली, खोली रिकामी, मोबाईल बंद. त्या क्षणी तपास अधिकाऱ्याच्या हातात एक फोटो आणि गावाचं नाव असणं किंवा नसणं, यात दोन दिवसांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात माल विकला जातो. मालकांकडून काय येतं तेही सांगतो. आधारची काळी पडलेली झेरॉक्स, ज्यात चेहरा दिसत नाही. 'विद्यार्थी ४' लिहून एकाचीच माहिती. ठाण्याच्या जागी तहसिलीचं नाव. वडिलांचं नाव आणि वय रिकामं. सीसीटीएनएसवर, म्हणजे ठाण्यांना जोडणाऱ्या गुन्हे नोंदीच्या संगणक प्रणालीवर, शोध घेताना नुसतं 'राहुल यादव' टाकलं तर निकालांचा ढीग येतो, त्यातून आपला माणूस निवडता येत नाही. आधी फॉर्म नीट भरा, मग मुदत मागा.

पळसीकर कॉलनी
झेरॉक्स हीच मुळातली चूक आहे. छापलेलं आधार कुणीही संगणकावर बदलून काढू शकतो. कार्डावरचा क्यूआर आधारच्या अधिकृत अॅपने स्कॅन केला की नाव, पत्ता आणि फोटो डिजिटल सहीसकट उघडतो. छापलेला मजकूर आणि स्कॅनचा मजकूर जुळला नाही तर कार्ड खोटं. एका मिनिटाचं काम आहे, मालकाला दारातच करता येतं. ठाण्यात द्यायची ती प्रत फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी द्या, आणि तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त भाडेकरू नोंदीसाठी', खाली तारीख. आणि आधार म्हणजे नागरिकत्व, हा समज सोडा. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलंय की ते नागरिकत्वाचा पुरावा नाही.

जुनी इंदूर
नागरिकत्वाचा विषय निघालाच आहे तर बोलू द्या. कालच्या त्याच पोस्टखाली एका गृहस्थाने लिहिलं, 'पाकिस्तानातून आलेल्या कुणालाच खोली देऊ नका, झंझट नको.' हे वाचून संताप आला. आपल्या शहरात सिंधमधून आलेली कितीतरी हिंदू कुटुंबं एलटीव्हीवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, राहतात. २०१६ मध्ये केंद्राने त्यांना पॅन, आधार, वाहन परवाना, बँक खातं आणि स्वतःला राहण्यापुरतं लहान घर घेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढायचे अधिकार ज्या मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना मिळाले, त्यात इंदूर होतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर पाकिस्तानी व्हिसे रद्द झाले, तेव्हाही हिंदूंचे एलटीव्ही कायम ठेवले गेले.

घरमालकाची जबाबदारी एवढीच, की परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ऑनलाईन कळवायचं. हॉटेलवाले त्याला अजून 'सी फॉर्म' म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन नवा कायदा लागू आहे, पण कळवण्याचं बंधन तेच. भाडेकरूचा फॉर्म वेगळा आणि हे वेगळं. ठाण्यात कागद दिला म्हणजे हेही झालं असं समजू नका, मालक अडकतात ते याच गैरसमजात.

सराफा
३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या सगळ्यांना नागरिकत्व मिळालंच ना आता? मग एलटीव्हीची कटकट कशाला?

जुनी इंदूर
नाही मिळालं, आणि हाच घोळ गावभर पसरलाय. सीएएची, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याची, तारीख ३१ डिसेंबर २०१४ आहे आणि तीच आजही लागू आहे. २०२४ ची तारीख सप्टेंबर २०२५ च्या सवलत आदेशातली. त्याचा अर्थ इतकाच, की पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून धार्मिक छळाला कंटाळून त्या तारखेपर्यंत इथे आलेल्या सहा अल्पसंख्याक समाजांच्या लोकांवर कागद नसल्याबद्दल कारवाई होणार नाही. हाकलणार नाहीत, म्हणजे नागरिक केलं असं नव्हे. २०१९ साली आलेल्या कुटुंबाने या बातमीवर विसंबून एलटीव्हीचं नूतनीकरण सोडलं तर नुकसान त्याचंच. पत्ता बदलला तरी कळवावं लागतं, म्हणूनच खोली नाकारणारा मालक त्यांना दुहेरी अडचणीत टाकतो. आपल्याकडे आश्रयाचा वेगळा कायदा नाही, १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. जे काही आहे ते असल्या आदेशांवर उभं आहे, तेव्हा तारखा नीट वाचूनच लिहा.

सराफा
तारखेचं चुकलं, मान्य. पण मूळ मुद्दा, म्हणजे तो भाडेकरूचा आदेश काढतं कोण, मी सोडणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये इथे पोलीस कमिशनर पद्धत आली, म्हणजे दंडाधिकाऱ्याचे काही अधिकार पोलिसांकडे गेले. त्याआधी १४४ चा आदेश कलेक्टर काढायचे आणि पोलीस अंमल करायचे, दोन वेगळी कार्यालयं होती. आता आदेश काढणारे पोलीस, मोडला म्हणून गुन्हा नोंदवणारे पोलीस, आणि २१५ ची लेखी तक्रार करणारेही तेच. शांतताभंगाच्या प्रतिबंधक कारवाईत माणूस आता एसडीएमसमोर (उपविभागीय दंडाधिकारी) नाही, एसीपीसमोर (सहायक पोलीस आयुक्त) उभा राहतो. यावर देखरेख कुणाची?

हेड मोहर्रिर
एसडीएमच्या कोर्टात पूर्वी काय व्हायचं, तेही लिहा की. तारखांवर तारखा, बाउंड ओव्हर व्हायला, म्हणजे शांततेची लेखी हमी घ्यायला, महिने, तोवर मोहल्ल्यात मारामारी होऊन जायची. महसुलाच्या कामातून वेळ मिळाला तर सुनावणी. पोलिसांना अधिकार दिले म्हणून आभाळ कोसळलं नाही. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आहेत, वर अधिकारी आहेत, १८१ ची सीएम हेल्पलाईन आहे. देखरेख कमी नाही, जास्तच आहे.

तिलकनगर
कॅमेऱ्यांचं नाव घेतलंत, आता ऐकून घ्या. परमवीर सिंह सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यासाठी जागा मोजून सांगितल्या. मुख्य फाटक, आत-बाहेर जाण्याचे सगळे रस्ते, लॉकअप, कॉरिडॉर, निरीक्षकाची खोली, मागचा भाग, स्वच्छतागृहाच्या बाहेर. रात्री दिसलं पाहिजे, आवाजही आला पाहिजे, आणि साठा १८ महिन्यांचा, निदान एक वर्षाचा.

आता हिशेब करा. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, सेकंदाला दोन मेगाबिट. दिवसाला एका कॅमेऱ्याचे साधारण २१ जीबी. चौदा कॅमेरे धरा, रोजचे ३०० जीबी. रेकॉर्डरमध्ये आठ टीबीच्या दोन डिस्क टाकल्या तरी दोन महिने पुरत नाहीत, जुन्यावर नवं लिहिलं जातं. १८ महिन्यांना १६० टीबीच्या वर लागतात. निविदेत कॅमेऱ्यांची संख्या असली आणि साठ्याची ओळ नसली, तर सहा महिन्यांनी कुणी फुटेज मागितलं की 'उपलब्ध नाही' हे उत्तर खरंच असतं.

दुसरं, वीज. यूपीएस रेकॉर्डरला जोडतात आणि ज्या नेटवर्क स्विचमधून कॅमेऱ्यांना वीज जाते तो साध्या बोर्डावर. लाईट गेली की रेकॉर्डर चालू, पडदा काळा. तिसरं, घड्याळ. आतला बटण सेल संपला की लाईट येताच तारीख मागे जाते. मग १४ तारखेची घटना फुटेजमध्ये भलत्याच वर्षात सापडते, किंवा सापडतच नाही. चौथं, लॉकअपच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. रात्री इन्फ्रारेडचा उजेड त्या जाळ्यावरून परततो आणि पूर्ण चित्र पांढरं. यात कुणाचा कट असायची गरजच नाही, महिन्यातून एकदा कापड फिरवलं तरी पुरे.

हेड मोहर्रिर
म्हणजे जाळं झाडायचं कामही मुन्शीचंच?

तिलकनगर
टीआयचं, म्हणजे ठाणेदाराचं. निकालातच लिहिलंय की कॅमेरे चालू ठेवणं, देखभाल आणि साठा ही ठाणेदाराची जबाबदारी. बंद पडला की त्याने जिल्हा समितीला कळवायचं. त्या समितीत विभागाचे आयुक्त, कलेक्टर, एसपी आणि महापौर. समितीने दर महिन्याला राज्य समितीला अहवाल द्यायचा आणि फुटेज स्वतः तपासायचं.

लोकमान्यनगर
बघा, हाच माझा पहिल्यापासूनचा मुद्दा आहे! भाडेकरूचा कागद दिला नाही तर मालकावर गुन्हा. समितीने महिन्याचा अहवाल दिला नाही तर कुणावर? सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तीही राजस्थानात आठ महिन्यांत कोठडीत अकरा जण दगावल्याची बातमी वाचून. निकाल २०२० चा, आठवण २०२५ ची. मधल्या पाच वर्षांत किती डिस्का पुसल्या गेल्या असतील?

हेड मोहर्रिर
राजस्थानचं खापर इंदूरच्या शिपायावर फोडू नका. शिपाई चौदा-चौदा तास उभा असतो, गणपती, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, रंगपंचमीची गेर अशा मिरवणुका, सगळं त्याच्याच खांद्यावर. तुम्हाला त्याच्यात फक्त गुन्हेगार दिसतो, हे दुखतं.

सराफा
शिपायाबद्दल कुणी बोललंच नाही! फुटेज असलं तर खोट्या आरोपातून वाचतो तोही शिपाईच.

हेड मोहर्रिर
हे मात्र खरं आहे. ठाण्यात डोकं आपटून घेणारा आरोपी आणि मागून येणारी तक्रार, यात फुटेजशिवाय बचाव नाही. तेवढ्यापुरतं मी तुमच्या बाजूने. हेल्पलाईनबद्दलही एक कबूल करतो. १८१ वर पोलिसांविरुद्ध तक्रार केली की ती एल-१ ला, म्हणजे पहिल्या पायरीला, त्याच ठाण्यावर येते. तक्रारदाराने 'समाधानी नाही' म्हटलं तर वर सरकते, त्यामुळे फोन आला की घाईने होकार देऊ नका.

पळसीकर कॉलनी
मग सामान्य माणसाने फुटेज मागायचं कसं, ते कुणी सांगेल? माहिती अधिकाराला तर तीस दिवस लागतात.

तिलकनगर
तीस दिवसांत डिस्क फिरून जाऊ शकते, म्हणून दोन अर्ज एकाच दिवशी करा. पहिला टीआयला आणि त्याची प्रत वरिष्ठाला, फक्त जतन करण्यासाठी: 'अमुक तारखेचं, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं, फाटक, कॉरिडॉर आणि लॉकअपच्या कॅमेऱ्यांचं फुटेज वेगळं काढून ठेवावं.' वेळ दोन्ही बाजूंनी दोन तास वाढवून लिहा, घड्याळ मागेपुढे असतं. ठाण्यात लावायच्या मोठ्या फलकावरच लिहिलेलं असायला हवं की फुटेज निदान सहा महिने राहील आणि मानवी हक्क मोडले गेले तर ते सुरक्षित करून घेण्याचा पीडिताला हक्क आहे. फलक नसेल तर तेही अर्जात नोंदवा. दुसरा अर्ज माहिती अधिकाराचा, माणूस कोठडीत असेल तर 'जीवित आणि स्वातंत्र्य' लिहून ४८ तासांचा. प्रकरण कोर्टात असेल तर मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली. आणि फुटेज मिळालं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅशच्या, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या, आकड्यासकट मागून घ्या, नाहीतर पेन ड्राईव्ह पुराव्यात टिकत नाही.

लोकमान्यनगर
भाडेकरूच्या फॉर्मलाही असंच हवं. आवक नंबर असलेली पावती, आणि उत्तर आलं की एक मेसेज. माझी मागणी एवढीच होती.

हेड मोहर्रिर
मेसेजचं आश्वासन मी देऊ शकत नाही, माणसं द्या, मग मागा. पावतीचं मान्य, ती मागणाऱ्याला नाकारता येत नाही. आणि फुटेजचा अर्ज नुसता मुन्शीच्या टेबलावर ठेवून परत फिरू नका. रोजनामच्यात त्याची नोंद करायला सांगा, नोंदीचा नंबर आणि वेळ तुमच्या प्रतीवर लिहून घ्या, मगच खुर्चीवरून उठा. तो नंबर असला की मग 'असा अर्ज आलाच नाही' असं कुणालाही म्हणता येत नाही, मलासुद्धा.