भुसावळच्या ऑर्केस्ट्राच्या ३८ कॅसेट संगणकात उतरवायच्या आहेत, यंत्र सुचवा (बजेट ४,०००)

हतनूरकर
नमस्कार मंडळी. वडील रेल्वेत फिटर होते आणि १९८० ते ९२ भुसावळच्या एका ऑर्केस्ट्रात बेंजो वाजवायचे. गणपतीचे मांडव, रेल्वेचं सभागृह, अमळनेरला बोरीच्या पात्रात भरणारी वैशाखातली यात्रा, जिथे जातील तिथे स्टेजपाशी आमचा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) ठेवून रेकॉर्डिंग करायचे. सगळ्या कॅसेट साठ मिनिटांच्या, पत्र्याच्या खोलीत माळ्यावर पडून होत्या. वडील आता ७६ चे आहेत. त्यांना नीट ऐकू येतंय तोवर हे काम उरकायचं आहे. तो टू-इन-वन अजून घरात आहे, पण बंद पडलाय. ४,००० च्या वर जाता येणार नाही.

सूरसाधक
थोडे पैसे साठवा आणि जपानी तीन हेडचा कॅसेट डेक घ्या (हेड म्हणजे फितीवर आवाज भरणारा-वाचणारा भाग). मी २०१६ साली मुंबईहून १९,००० ला आणला, आजवर एकदाही उघडावा लागला नाही. ४,००० मध्ये ऐकण्यासारखं काही मिळत नाही.

केळीबाग_रावेर
यूएसबीवाला वॉकमन घेऊ नका. मी १,८०० ला घेतला. मोटर हलकी, त्यामुळे वेग स्थिर राहत नाही आणि पेटीचा लांब सूर चक्क डगमगतो. आजीच्या कानबाईच्या गाण्यांची कॅसेट मी त्यावर उतरवली, ती सगळी पुन्हा करावी लागणार.

जामनेरचा_गडी
भाऊ, वडील बुलबुलतरंग वाजवत असतील. बेंजो म्हणजे ते गोल कातड्याचं अमेरिकन वाद्य.

वरातवाला
आमच्याकडे बेंजो म्हणजे बटणांचाच. बेंजो पार्टी म्हटलं की खान्देशात लहान पोरालाही कळतं. मूळ वाद्य जपानचं, ताइशोगोतो, १९१२ साली नागोयात तयार झालं. आपल्या लोकांनी त्याला तारांचा आवाज उचलणारा पिकअप बसवला, ॲम्प्लिफायर जोडला आणि वरातीत आणला. २२ वर्षं वाजवतोय मी. आता लग्नघरं डीजेला लाखभर मोजतात आणि आम्हाला म्हणतात, हळदीला तासभर वाजवून जा.

जामनेरचा_गडी
दादा, तुमच्या वाजवण्याबद्दल मी काही बोललोच नाही. नावाबद्दल बोललो. आणि ऑर्केस्ट्रा ऐकावा तर जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात. उघड्या आभाळाखाली तो आवाज मी अजून विसरलो नाही.

तापीकाठ
विषयावर येतो. कोणत्याही यंत्रात आत्ताच कॅसेट घालू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात पत्र्याखाली इतकी वर्षं. फितीमागचा स्पंजचा छोटा तुकडा सुटलेला असतो, तो आधी बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा, नाहीतर हेडवरून बाकीच्यांना लागेल. मग प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले थर मोकळे होतात. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल.

दुसरं, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, ते बहुतेक मोनो असतं. स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे. डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवा, तासाला सव्वासहाशे एमबी धरा, म्हणजे ३८ कॅसेट २४ जीबीत बसतात.

आणि हो, रेकॉर्डिंग करताना हेड जरा तिरपं असेल, तर त्या फितीतला बारीक, वरचा आवाज त्याच यंत्रावर सगळ्यात स्वच्छ येतो. दुसऱ्या यंत्रावर हेडशेजारचा स्क्रू फिरवून जुळवावं लागतं.

सूरसाधक
माझ्या डेकवर तो स्क्रू बाहेरूनच फिरतो. म्हणून सांगतोय, डेक घ्या. टू-इन-वन भंगारात द्या.

पारोळ्याची_लेक
दुकानात देऊ नका, एवढंच सांगते. बाबांच्या भजनी मंडळाच्या ११ कॅसेट मी एका दुकानात दिल्या. परत आल्या ७, आणि पेन ड्राइव्हवर एमपीथ्री, गाण्यांमधलं बोलणं कापून. बाबा अभंगाआधी दोन शब्द बोलायचे. तेच गेलं.

असोदेकर
ताईंचं वाचून वाईट वाटलं. आमच्या असोद्याच्या बहिणाबाई लिहू-वाचू शकत नव्हत्या. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ओव्या उतरवून ठेवल्या म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली, छापून आल्या. भाऊ, बोलणं कापू नका. कोणत्या गावचं, कोणत्या सालचं, वादक कोण, हे वडिलांना विचारून आजच लिहून काढा. यंत्र महिनाभराने आलं तरी चालेल.

केळीबाग_रावेर
कॅसेट आधी पुढे-मागे फिरवून घ्या, हे महत्त्वाचं. आणि वॉकमन नकोच.

वरातवाला
वडिलांचा बेंजो अजून आहे का? तारा मी पाठवतो, पैसे नकोत.

हतनूरकर
सर्वांचे आभार. डेक घेतला नाही. वडील म्हणाले, ज्याच्यावर भरलं त्याच्यावरच ऐकू, आणि तापीकाठ यांचं हेडबद्दलचं वाचून मलाही ते पटलं. भुसावळमध्येच एका जुन्या मेकॅनिककडून टू-इन-वनचा पट्टा आणि रबरी रोलर बदलून घेतला, ६५० रुपये. साउंड कार्ड १,९०० ला. हेडफोनच्या भोकातून आवाज बेताचा ठेवून घेतोय.

९ कॅसेट झाल्या. वडील शेजारी बसून नावं सांगतात, मी वहीत लिहितो. तिसऱ्या कॅसेटमध्ये ढोलकीवाल्या काकांनी मध्येच पाणी मागितलं, तो आवाज वडिलांनी चार वेळा ऐकला. वरातवाला दादा, बेंजो आहे, तीन तारा तुटल्यात. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवतो.

एक अडचण उरली आहे. चौदाव्या कॅसेटचं प्लास्टिक तडकलंय आणि कवच स्क्रूचं नाही, चिकटवलेलं आहे. फीत न दुखावता ती दुसऱ्या कवचात कशी घालायची, कोणी केलंय का?